रॉक बँडची सगळी गाणी मीच लिहितो आणि गातो. बँड सोडून एकट्याने करिअर करावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुख्य गायक तुम्ही, शब्द तुमचे, चाल तुमची, बाकीचे तिघे 'साथीला'. मग पैसे आणि नाव चौघांत का वाटायचं?

मी बारा वर्षं बेस गिटार (खालच्या, जाड स्वरांची गिटार) वाजवली, अशाच एका गायकाच्या डाव्या हाताला उभं राहून. त्यामुळे 'सगळी गाणी मीच लिहितो' या चार शब्दांपाशीच अडकलो.

आमचं सगळ्यात चाललेलं गाणं कसं झालं ते सांगतो. तो रिहर्सलला आला तेव्हा त्याच्याकडे मुखडा होता, अर्धं कडवं होतं आणि तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरांचे गट. चाल बरी होती, पण रडवी. तासभर वाजवलं तरी गाणं उभं राहीना. शेवटी ड्रमरने वैतागून लय वाढवली आणि मी कॉर्डमागे धावायचं सोडून दिलं. नुसता 'ई' हा एकच स्वर धरून बसलो. वर कॉर्ड बदलतायत, खाली तोच स्वर, तंबोऱ्यासारखा. गायक थांबला, माझ्या हाताकडे बघत राहिला आणि मग त्याने मुखडा वेगळ्याच चालीत उचलला. आधी वर चढणारी दुसरी ओळ आता खाली उतरायला लागली, कारण खाली टेकायला जागा झाली होती. उरलेलं कडवं त्याने तिथेच, ॲम्पवर वही ठेवून पुरं केलं. शब्द त्याचेच, आणि सुंदर शब्द होते ते, त्याबद्दल वाद नाही.

रेकॉर्डिंगला दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी माझं बोट घसरलं आणि मी अर्धी मात्रा उशिरा स्वरावर पोचलो. परत घेऊ म्हटलं, तर तोच म्हणाला, "राहू दे, मस्त वाटतंय." राहिलं.

गाण्याची नोंदणी झाली तेव्हा शब्द आणि संगीत, दोन्हींपुढे एकच नाव होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "तू वाजवलंस रे. लिहिलं मी." ड्रमरने विषय सोडून दिला, मी नाही सोडला. दोन वर्षं धुसफूस चालली आणि बँड फुटला. पुढे त्याच्या पहिल्या एकट्याच्या कार्यक्रमाला मी गेलो, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पैसे देऊन आणलेला बेसवाला होता, चांगला, माझ्यापेक्षा तयारीचा. ते गाणं सुरू झालं. खाली तोच 'ई'. आणि दुसऱ्या कडव्याला तो पोरगा अर्धी मात्रा उशिरा आला. बरोब्बर माझ्याइतका. रेकॉर्ड ऐकून त्याने माझी चूकसुद्धा पाठ केली होती. मी फक्त 'वाजवलं' असेन, तर ती चूक गाण्यात काय करत होती?

हे माझं एकट्याचं दुखणं नाही. 'द पोलीस' या ब्रिटिश रॉक बँडच्या 'एव्हरी ब्रेथ यू टेक'वर (1983) लेखक म्हणून त्यांचा गायक स्टिंग याचं एकट्याचं नाव आहे. पण डोळे मिटून ते गाणं आठवा, आधी काय ऐकू येतं? त्याच बँडमधल्या अँडी समर्सची गिटार. 1997 साली रॅपर पफ डॅडीने आपल्या गाण्यात तीच गिटार उचलली, आणि लेखनाच्या रॉयल्टीत समर्सला वाटा नव्हता, कारण कागदावर गाणं स्टिंगचं. प्रोकोल हॅरम बँडच्या मॅथ्यू फिशरने 1967 च्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'मधला ऑर्गन रचला आणि त्याचं श्रेय मिळवायला 2009 उजाडलं, तेही थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात. संगीतातला 40 टक्के वाटा मिळाला, पण मागच्या जवळजवळ चाळीस वर्षांचा नाही, फक्त पुढचा.

शहाणपणा आधी सुचलेले लोकही आहेत. आर.ई.एम. या बँडने गाण्यांवर चौघांचीही नावं लावली आणि बँड 1980 पासून 2011 पर्यंत टिकला. क्वीन या बँडला हे उशिरा सुचलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गायक फ्रेडी मर्क्युरीची, पण त्याच सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, त्यामुळे विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे त्यालाही तेवढीच रॉयल्टी मिळाली. त्यावरून कुरबुरी झाल्या. शेवटी 1989 च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी 'क्वीन' या एकाच नावावर टाकली. माझ्या मते क्वीनने घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय तोच.

आता तुमचा प्रश्न. एकट्याने चालतं का? चालतं. स्टिंगचंच चाललं, 1985 पासून उत्तम चाललं, नाकारण्यात अर्थ नाही. आवाज तुमचा आहे, लोक चेहरा गायकाचाच ओळखतात, लेखनाचे हक्कही तुमच्या नावावर. पण नवीन गाणी कोणासमोर अडणार आणि कोण वैतागून लय वाढवणार, याचा विचार करा. पैसे घेऊन वाजवणारा माणूस तुम्ही सांगाल तेच वाजवतो.

एक मान्य करायला हवं. तुम्ही घरून पूर्ण डेमो करून आणत असाल, बेसच्या ओळीसकट, ड्रमच्या ठेक्यासकट, तर माझं अर्धं बोलणं तुम्हाला लागू नाही. आणि कायदाही बहुतेक वेळा शब्द आणि मुख्य चालच धरतो, वाजवणाऱ्याने घातलेली भर सहसा 'अरेंजमेंट'मध्ये, म्हणजे वाद्यांच्या मांडणीत, जाते. म्हणजे कागदावर माझा गायक कदाचित बरोबरच होता.

तरी जायच्या आधी चौघं एकदा बसा, गाण्यांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक गाणं त्या खोलीत कसं झालं ते आठवून टक्के लिहून काढा. पाच टक्के तर पाच. तुमच्या बेसवाल्याने एखाद्या गाण्यावर बोट ठेवलं तर त्याला पूर्ण बोलू द्या. आणि काहीही झालं तरी "तू फक्त वाजवलंस" असं त्याला म्हणू नका.