‘विकृत श्वापदे’ की ‘उत्परिवर्ती प्राणी’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अणुयुद्धानंतरच्या पृथ्वीवर घडणारी कथा तुम्ही लिहीत आहात, तिच्यात किरणोत्सर्गाने पालटलेले प्राणी आहेत, आणि त्यांना ‘म्यूटंट’ न म्हणता मराठीत काय म्हणावं हे ठरत नाही. कथेचं पहिलं वाक्यही तुम्ही दिलं आहे: ‘प्रलयानंतरच्या पृथ्वीवर विकृत श्वापदे आणि उत्परिवर्तक राक्षस मोकाट फिरत होते.’ हे वाक्य खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते सापडत नाही, असं तुम्ही म्हणता. मला त्यात एक सरळ चूक दिसते, आणि बाकीचे शब्द आपापल्या जागी चांगले असूनही इथे भलतंच काही सांगून जातात.

चूक ‘उत्परिवर्तक’मध्ये आहे. ‘म्यूटेशन’ला, म्हणजे जनुकांत होणाऱ्या बदलाला, आपल्याकडे ‘उत्परिवर्तन’ हा शब्द ठरलेला आहे आणि करोनाच्या साथीत तो वृत्तपत्रांतून बराच रुळला. मात्र शेवटी ‘क’ लागला की तो करणारा होतो: मारक, प्रेरक, उत्तेजक, तसाच उत्परिवर्तक. क्ष-किरण हे उत्परिवर्तक, काही रसायनंही उत्परिवर्तक. तुमच्या वाक्यातले राक्षस त्यामुळे दुसऱ्यांच्या जनुकांत बदल घडवत हिंडतात, असा अर्थ निघतो. प्राण्यासाठी दोन रूपं उरतात, ‘उत्परिवर्तित’ आणि ‘उत्परिवर्ती’. दोन्ही शुद्ध आहेत. मी दुसरं घेईन, आणि त्याचं कारण जीवशास्त्रात आहे.

‘-इत’ म्हटलं की त्या जिवावर काहीतरी घडून गेलं असं वाटतं: दूषित, पीडित, उत्परिवर्तित. जणू स्फोट झाला, लांडग्यावर किरण पडले आणि त्याला तिसरा डोळा फुटला. असं होत नाही. किरणांचा मारा झालेला लांडगा भाजतो, आजारी पडतो, मरतो. त्याच्या अंगातल्या एखाद्या पेशीच्या जनुकात बदल झालाच, तर तो त्या पेशीपुरता आणि तिच्यापासून झालेल्या पेशींपुरता राहतो. त्यातून कर्करोग होऊ शकतो, पंख फुटत नाहीत. अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत झालेला बदलच पुढच्या पिढीत जातो. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी 1927 साली फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून हे दाखवलं (1946 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं), तेव्हाही वेगळेपण दिसलं ते माश्यांच्या संततीत. म्हणून स्फोट पाहिलेला लांडगा ‘किरणबाधित’ आणि त्याचं वेगळं निपजलेलं पिल्लू ‘उत्परिवर्ती’. कथेत दोन पिढ्या असतील तर हा फरक तुम्हाला फार उपयोगी पडेल.

आता ‘विकृत’. मुळात या शब्दात निंदा नाही. वि आणि कृ, म्हणजे वेगळं केलं गेलेलं, मूळ रूप बदललेलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्पातांचा एक अध्याय आहे आणि त्यात विचित्र जन्मांना ‘प्रसववैकृत’ म्हटलं आहे. आजच्या मराठीत मात्र ‘विकृत’ मनाला चिकटला आहे. विकृत माणूस, विकृत आनंद, विकृत मनोवृत्ती. ‘विकृत श्वापद’ वाचताच वाचकाला ते दुष्ट वाटतं, आणि बिचाऱ्या जनावराच्या माथी असा गुन्हा येतो जो मुळात माणसाने केला आहे. रूप बिघडलं एवढंच सांगायचं असेल तर ‘विरूप’ आहे, ‘व्यंग घेऊन जन्मलेलं’ असं साधं म्हणता येतं. शिवाय प्रत्येक विरूप जीव उत्परिवर्ती नसतो. दोन डोक्यांचं वासरू बहुतेक वेळा गर्भ विभागताना अर्धवट राहिल्यामुळे जन्मतं. त्यासाठी जनुकं बदलावी लागत नाहीत आणि अणुबाँबही लागत नाही.

जाता जाता ‘उत्पात’बद्दल सांगतो, कारण हा शब्द मला या विषयात फार मोलाचा वाटतो. जुना अर्थ अपशकुन, येणाऱ्या संकटाची खूण. आजचा अर्थ धुमाकूळ, माकडांनी उत्पात मांडला वगैरे. लॅटिनमध्ये राक्षसी जिवाला जो ‘मॉन्स्ट्रम’ शब्द होता, तोही मूळचा अशुभ खूण या अर्थाचाच, इशारा देणे या क्रियापदापासून आलेला. तुमच्या कथेतली एखादी म्हातारी तीन डोळ्यांचं पिल्लू पाहून ‘हा उत्पात आहे’ म्हणाली, तर एका शब्दात दोन्ही अर्थ येतील. इतका चांगला योग सोडू नका.

‘राक्षस’ मात्र काढाच. राक्षस ही एक जात आहे. तिला भाषा आहे, कुळं आहेत, राज्य आहे. रामायणाच्या उत्तरकांडात तर त्यांच्या नावाची उपपत्ती रक्षणाशी जोडली आहे: ज्यांनी ‘रक्षाम’ म्हटलं ते राक्षस झाले, ‘यक्षाम’ म्हणणारे यक्ष. पालटलेलं रानडुक्कर या घराण्यात बसत नाही. आकारासाठी ‘राक्षसी’ हे विशेषण चालेल. ‘संकरित’ही टाळा. तो दोन जातींच्या मिलनाचा शब्द आहे, एकाच जातीत आतून झालेल्या बदलाचा नाही. आणि ‘श्वापद’ म्हणजे मुळात कुत्र्यासारखे पाय असलेला, पंजाचा शिकारी प्राणी. लांडग्याला, वाघाला शोभतो. उंदरांना, खूरवाल्यांना, किड्यांना एकाच पिशवीत भरायचं असेल तर ‘जनावर’ किंवा ‘प्राणी’ बरा. एकाचा उगम फारसी ‘जान’मध्ये, दुसऱ्याचा ‘प्राण’मध्ये, म्हणजे दोघांचा अर्थ ज्याच्यात जीव आहे तो.

‘प्रलय’ हा शब्द मला आवडला. त्यावर आक्षेप असा घेतला जातो की मराठीत प्रलय म्हटलं की पाणीच डोळ्यांपुढे येतं, कारण ‘जलप्रलय’ कानात बसला आहे. पण प्र आणि लय, म्हणजे विरून जाणं, त्यात पाणी नाही. आगीचा, किरणांचाही प्रलय होतो. ‘प्रलयोत्तर’ हे विशेषण खुशाल वापरा. सगळं विरल्यावर प्राणी कुठून उरले, असं कोणी विचारलंच तर शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आठवावी. मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो. तो घागरीत मावेनासा होतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडावा लागतो. पूर येतो तेव्हा मनू त्या अवाढव्य माशाच्या शिंगाला नावेची दोरी बांधतो आणि वाचतो. शिंग असलेला, भराभर वाढणारा महाकाय मासा, तोही प्रलयाच्या ऐन काळात, आणि तो तारणारा आहे. अक्राळविक्राळ देह दिसला की तो वाईटच, असं आपल्या जुन्या कथा मानत नाहीत, हे मला इथे फार महत्त्वाचं वाटतं.

खऱ्या जगातली उदाहरणं पाहिली की शब्द आणखी जपून वापरावेसे वाटतात. युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीची दुर्घटना 26 एप्रिल 1986 ची. तिथल्या ओसाड पट्ट्यात आज लांडगे आहेत, 1998 पासून सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे आहेत, आणि ते दिसायला साध्या लांडग्याघोड्यांसारखेच आहेत. तिथले एरवी हिरवेगार असणारे झाडबेडूक बरेच काळे आढळले. 2022 साली हे प्रसिद्ध झालं, पण त्या संशोधकांचं स्पष्टीकरण असं की गडद रंगाने किरणांपासून थोडं संरक्षण मिळालं आणि आधीपासून काळपट असलेले बेडूक जास्त तगले. म्हणजे काटेकोर बोलायचं तर त्यांनाही उत्परिवर्ती म्हणता येत नाही, ते ‘निवडले गेलेले’. उलट जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या 2011 च्या अपघातानंतर तिथल्या छोट्या निळसर फुलपाखरांत पंखांचे आणि डोळ्यांचे दोष दिसले आणि ते पुढच्या पिढीतही उतरले. तिथे ‘उत्परिवर्ती’ जास्त शोभतो.

राहिला सगळ्यात आवडता भाग: कथेतली माणसं काय म्हणतील? ‘उत्परिवर्ती’ निवेदकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या तोंडी ठीक. अंधारात काठी घेऊन उभा असलेला माणूस पाच अक्षरं उच्चारत बसणार नाही. तो ‘पालटे’ म्हणेल. हवापालट, खांदेपालट, कायापालट यांतला ‘पालट’ आपला रोजचा आहे, आणि ‘पालटे आले!’ ही हाक लांबून ऐकू जाते. एकेका जातीला मग तो नाव देईल ते मराठीच्या सवयीने. मराठी ओळखीचा प्राणी घेते आणि त्याला एक खूण जोडते. खवलेमांजर मांजर नाही, पाणघोडा घोडा नाही, गोगलगाय तर गायीच्या आसपासही नाही. शहामृग पक्षी असून मृग झाला, कारण फारसी ‘शुतुरमुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, आपल्या कानांनी ओळखीचा करून घेतला. अशा भाषेत अंगावर काटे फुटलेला कोल्हा ‘काटेकोल्हा’ होईल, अंधारात चमकणारी घूस ‘काजवघूस’, दोन शेपट्यांची घोरपड ‘दुशेपी’. ही नावं तुम्ही घडवा. परकी नावं देवनागरीत उतरवण्यापेक्षा ती वाचकाला कितीतरी जास्त घाबरवतील.

‘मोकाट’ तेवढा ठेवा, पण जागा बदलून. मोकाट सुटतं ते जनावर, ज्याला एरवी कोणीतरी बांधलेलं असतं. रानातल्या लांडग्याला मोकाट म्हणत नाहीत. मालक मेल्यावर उरलेल्या कुत्र्यांना तो तंतोतंत लागू पडतो. चेर्नोबिलमध्ये मागे राहिलेल्या कुत्र्यांचे वंशज अजून आहेत, 2023 साली अशा 302 कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात वेगळेपण आहे, पण ते किरणांमुळेच आलं असं सिद्ध झालेलं नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘प्रलयाला तीन पिढ्या उलटल्या होत्या. रानात पालटे होते, आणि वस्तीच्या कडेला, कोणाचीच नसलेली, मोकाट कुत्री.’