शोधायचं काय, ते आधी वहीत : पालक-शिक्षकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. प्रकल्प 'केळीवरील रोग'. मोबाइलला अख्खं वाक्य बोलून विचारतो आणि कांद्याची फवारणी, औषधांच्या जाहिराती असलं काहीबाही समोर येतं. (पालक, रावेर)

उत्तर : 'केळीवर कोणकोणते रोग पडतात ते सांगा' यात कामाचे शब्द दोनच. मोबाइल हाती घेण्याआधी वहीत तीन खाने पाडायला लावा : कशावर, कोणता, काय हवंय. 'केळी, करपा, लक्षणे' एवढंच टाइप करायचं. करपा कांद्यावर आणि भातावरही पडतो, म्हणून पीक आधी लिहायचं. तरी कांदा आलाच, तर शेवटी वजाचं चिन्ह देऊन 'कांदा' लिहा. चिन्हाआधी जागा सोडायची, चिन्ह आणि शब्द यांच्यात मात्र नाही. मुलं नेमकी तिथेच जागा सोडतात आणि मग कांदा जात नाही.

दुसरी फेरी रोगाच्या दुसऱ्या नावाने. शेतात 'करपा' म्हणतात, संशोधक 'सिगाटोका' लिहितात. शेतातला 'हरण्या' कागदोपत्री 'कुकुंबर मोझॅक' असतो. एकाच नावाने शोधलं तर निम्मी माहिती हाती लागत नाही. शेतातली नावं घरच्या शेतकऱ्याला विचारून घ्यावीत. ती मोबाइलपेक्षा लवकर मिळतात. सोबत 'राहुरी' (कृषी विद्यापीठाचं गाव) किंवा 'केळी संशोधन केंद्र जळगाव' जोडलं की विद्यापीठाची पानं वर येण्याची शक्यता वाढते. ज्या पानावर लक्षणांखाली लगेच बाटलीची किंमत असते, ते पान विकणाऱ्याचं. त्यावरून रोगाचा फोटो पाहावा, उपाय उतरवून घेऊ नये.

प्रश्न : बहिणाबाईंवर माहिती आणायला सांगितली, तर निम्म्या वर्गाने तुकारामांच्या शिष्येची आणली. (शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : मुलांनी नुसतं 'बहिणाबाई' टाकलं असणार. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तर आपल्या बहिणाबाई चौधरी 1880 ते 1951 या काळातल्या. आडनाव आणि गाव जोडायला सांगा : 'बहिणाबाई चौधरी आसोदे'. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं तर ते शब्द त्याच क्रमाने असलेली पानं मिळतात. मात्र तिथे ऱ्हस्व-दीर्घाची चूक महागात पडते. 'बहीणाबाई' लिहिलं तर चांगली पानं निसटतात. गावाचं नाव 'आसोदा' असंही लिहिलेलं आढळतं, म्हणून ते अवतरणचिन्हांबाहेर ठेवावं आणि दोन्ही रूपं करून पाहावीत.

तापीचंही असंच. नुसतं 'तापी' टाकलं तर गुजरातचा तापी जिल्हाही येतो, तुर्कमेनिस्तानची गॅसवाहिनीही. 'तापी नदी उगम मुलताई' लिहा. मुलताई मध्य प्रदेशात असल्याने 'ताप्ती' लिहून हिंदी पानंही उघडावीत.

प्रश्न : मुलीने जनगणनेचे आकडे शोधले. 1991 नंतर धुळे जिल्ह्याची लोकसंख्या एकदम घटलेली दिसते. संकेतस्थळ चुकीचं आहे का? (पालक, शहादा)

उत्तर : आकडे चुकीचे असतीलच असं नाही. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. 1991 च्या धुळ्यात तुमचं शहादाही मोजलेलं आहे, 2001 च्या धुळ्यात नाही. तुलना करायची तर 2001 चे धुळे आणि नंदुरबार मिळवून घ्यावे लागतील. काही पानांवर जुने आकडे आजच्या हद्दीप्रमाणे पुन्हा मांडलेले असतात, म्हणून तक्त्याखालची टीप वाचायला लावा. आणखी मागे जायचं असेल तर नावच बदला : 'पश्चिम खानदेश'. जळगावसाठी 'पूर्व खानदेश'. 1906 पूर्वी दोन्ही मिळून एकच खानदेश जिल्हा होता. मुलीला घट खटकली, हे उत्तम झालं. बरीच मुलं आकडा उतरवून मोकळी होतात.

प्रश्न : हल्ली शोधलं की वरच एआयचं तयार उत्तर येतं. ते वहीत लिहू द्यावं का? (पालक, धुळे)

उत्तर : लिहू देऊ नका, वाचू द्या. त्यातले अनोळखी शब्द पुढच्या शोधासाठी टिपायचे आणि खाली दिलेल्या दुव्यांपैकी किमान दोन उघडायचे. वहीत प्रत्येक माहितीसमोर पानाचं नाव आणि पाहिल्याची तारीख. दोन पानांत वेगवेगळं साल सापडलं तर दोन्ही लिहायची, निवाडा तिसरं पान पाहून. पाचवी-सहावीच्या मुलाला एका बैठकीत अर्धा तास पुरे. त्यापुढे तो शोधत नसतो, व्हिडिओ बघत असतो.