स्वतःचा जिओकॉइन काढून विकला तर पैसे सुटतात का?

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेले डबे जीपीएसने शोधायचा खेळ. तो खेळणारे ते कॅशर, आणि जिओकॉइन म्हणजे त्यातलं संग्रहाचं नाणं, ज्यावरच्या कोडने त्याचा प्रवास वेबसाइटवर नोंदवता येतो. तुम्ही विचारलंय की स्वतःचा जिओकॉइन डिझाइन करून शंभर-दीडशे नग काढले आणि विकले, तर नोकरी सांभाळून चार पैसे सुटतात का. चारच सुटतात. २०१९ मध्ये श्टुटगार्टला असताना मी आणि माझ्या एका मित्राने १५० नग काढले. चौदा महिन्यांनी दोघांत मिळून २६० युरो उरले आणि आमचं बोलणं बंद झालं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

कल्पना माझी होती: शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं कडं. मूळ नाणं बोटाच्या पेरावर मावेल एवढं असतं. आम्ही ते ४४ मिलिमीटरचं केलं, पुढच्या बाजूला शिवराई आणि मागे दिशाचक्र, त्याच्या कडेने 'छत्रपति'. अँटिक कॉपरमध्ये १०० रेग्युलर, अँटिक सिल्व्हरमध्ये ५० लिमिटेड. डिझाइन आणि मिंटशी, म्हणजे नाणी पाडणाऱ्या कारखान्याशी, बोलणं माझ्याकडे, विक्री आणि हिशेब मित्राकडे. तो नाशिकचा, कॅशिंगमुळेच ओळख झालेली.

मी आधी फॉन्टमध्ये टाइप करून फाइल चीनमधल्या मिंटला पाठवली. प्रूफ आलं तर 'त्र' फुटून त आणि र सुटे झालेले, आणि 'ति'ची वेलांटी त सोडून पुढे जाऊन उभी. त्यांच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं कळत नव्हती. तुम्ही देवनागरी वापरणार असाल तर अक्षरं आउटलाइन करूनच पाठवा. मी तर शेवटी फॉन्ट सोडलाच. जुन्या शिवरायांचे फोटो समोर ठेवून अक्षरं हाताने काढली. खऱ्या शिवरायांवर एका नाण्यावरचा 'श्री' दुसऱ्यासारखा नसतो, ठिपकेही कुठे दाट, कुठे विरळ. तो हात मला हवा होता. ठिपके फार बारीक ठेवले तर इनॅमल भरताना बुजतात, म्हणून दोनदा मोठे केले. या सगळ्यात दोन महिने गेले, आणि ते दोन महिने मला आजही नफ्यातच धरावेसे वाटतात.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, महाराजांचं नाव आणि लोक ते जंगलात मातीत ठेवणार?" मी तिला समजावलं की असले कॉइन लोक घरी अल्बममध्ये ठेवतात, डब्यात फार तर त्याची नक्कल सोडतात, कारण खरा ठेवला की चोरीला जातो. तेव्हा ती शांत झाली.

आता आकडे. मिंटचे ५१० युरो, दोन्ही बाजूंच्या डायचे (नाणं पाडायच्या साच्यांचे) १४०, ट्रॅकिंग कोड आणि वेबसाइटवर दिसणाऱ्या आयकॉनचे मिळून ३००, कुरिअर, कस्टम आणि आयातीवरचा १९ टक्के कर धरून १९०, कॅप्सूल आणि पाकिटं ६०. एकूण १,२००, म्हणजे नगामागे ८ युरो. रेग्युलर ११ युरोला विकला, लिमिटेड १६ ला. ८१ रेग्युलर गेले, ७ अदलाबदलीत आणि भेट म्हणून दिले, १२ अजून माझ्या कपाटात आहेत. लिमिटेडमधले १० आम्ही दोघांनी ठेवले, ४० विकले. हाती आले १,५३१. त्यातून पेमेंटचे चार्जेस आणि हरवलेल्या पार्सलांचे परत दिलेले पैसे मिळून ७१ गेले.

कोड वगळून पैसे वाचवायचा विचार करत असाल तर कॉइन काढूच नका. कोड नसेल तर ते नुसतं पदक आहे, कॅशर त्याला हात लावत नाही.

भांडण लिमिटेडवरून झालं. आमच्याकडे कॅशर लोकांचा महिन्याला एका पबमध्ये श्टामटिश (ठरलेली बैठक) भरायचा. तिथे एक सत्तरीच्या बाई यायच्या. त्यांचा अल्बम बघण्यासारखा. प्रत्येक कप्प्यात कॉइन आणि त्याच्यामागे पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड: कोणाचा, कोणत्या वर्षीचा, किती नग. त्यांनी आमचा सिल्व्हर कॉइन भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला, 'श्री'वर बोट फिरवलं, मग मला विचारलं, "पन्नास म्हणजे पन्नासच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी कार्डावर ५० लिहिलं.

ते ४० लिमिटेड त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मिळून संपले. तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन. "डाय मिंटकडे पडून आहे, आणखी पन्नास काढू. कोणाला कळतंय?" त्याचा हिशेब चोख होता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. डायचा खर्च नाही, म्हणजे नग साडेपाच युरोला पडणार, १६ ला विकला की सव्वापाचशे सुटतात, आधीच्या अख्ख्या खटाटोपाच्या दुप्पट. मी म्हटलं, त्या बाईंच्या कार्डाचं काय? तो म्हणाला, "हा धंदा आहे, तू काय शपथ घेतलीस का?"

हो, घेतली होती. मग प्लेटिंग (वरचा मुलामा) बदलून काढूया, वेगळं नाव देऊया, असंही त्याने सुचवलं. तेही नको म्हटलं, कारण जाहिरातीत आम्ही दोनच प्रकार जाहीर केले होते. महिनाभर हे चाललं. शेवटी मी मिंटला लिहिलं की डाय रद्द करून फोटो पाठवा. सोबत एवढंच कळवलं की ग्राइंडर फक्त दिशाचक्राच्या डायवर फिरवा, दुसऱ्या बाजूला हात लावू नका. त्यांनी तसंच केलं. दिशाचक्रावर आडवी-उभी खोल चीर पाडलेला तो फोटो मी मित्राला पाठवला आणि पुढे आमचं काही बोलणं झालं नाही. त्याला न विचारता केलं, एवढं मात्र माझं चुकलं. डायचे निम्मे पैसे त्याचे होते. ते ७० युरो मी त्याला नंतर पाठवले.

२०२२ मध्ये मी एकटीने दुसरा कॉइन काढला. ६० नग, एकच प्रकार, आधी पैसे घेऊन मगच मिंटला ऑर्डर. नग महाग पडला, साडेनऊ युरोला, पण १५ ला ५७ विकले गेले आणि खर्च जाऊन अडीचशे युरो एकटीला उरले. त्यातले ४१ शिवराई घेतलेल्यांनीच घेतले, त्या बाईंनी दोन. नाशिककरांना हा आकडा कोणीतरी सांगावा, अशी माझी फार इच्छा आहे. पहिल्या कॉइनवर आणखी पन्नास ओतले असते तर हे ४१ नग घेणारे परत आले नसते, हे मी आजही त्याच्या तोंडावर म्हणेन.

२००१ च्या माउंटनबाइक कॉइनसारखे जुने कॉइन केवढ्याला जातात, ते पाहून हुरळू नका. ती वरची किंमत संग्राहकाच्या खिशात जाते. काढणाऱ्याला पहिल्या विक्रीचेच पैसे मिळतात. शिवाय भारतात कॅशर फार थोडे, त्यामुळे तिथून विकायचं तर प्रत्येक पाकीट परदेशी जाणार आणि टपालखर्च गिऱ्हाईकाच्या जिवावर येणार.

एक राहिलंच, आणि ते आधी लिहायला हवं होतं. जर्मनीत असाल तर १५० नगांसाठीही व्यवसाय-नोंदणी लागते, आणि २०१९ पासून पॅकिंगच्या सामानाची नोंदणी पहिल्या पाकिटापासून लागते. नोकरीच्या परवान्यावर किंवा ब्लू कार्डावर असाल तर स्वतःचा जोडधंदा करायला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि कंपनीच्या करारात जोडकामाबद्दल काय लिहिलंय तेही बघा. मला ती परवानगी मिळायला सात आठवडे लागले. मिंटला पैसे भरायच्या आधी हा अर्ज टाका.