निन्टेन्डो स्विचवरचा 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम नुकताच सुरू केलाय. तलवारी टिकत नाहीत, पठारावरची थंडी सोसत नाही, कुठे जावं कळत नाही, वर भाचा चुका काढतो. नवख्याने काय करावं?

तुमच्या प्रश्नातल्या बाकीच्या ओळींसाठी मी लिहायला बसले नसते, त्यांची उत्तरं कुठेही मिळतील. पण "भाचा शेजारी बसून चुका काढतो आणि मध्येच हातातून कंट्रोलर काढून घेतो" हे वाचलं आणि राहवलं नाही. पहिली टिप हीच: भाच्याला खोलीबाहेर काढा. चहा करायला पाठवा, क्लासला पाठवा, काहीही करा.

आता तलवारींचं. गेमचं कार्ड खराब आहे का, असं विचारलंत. नाही हो. २०१७ च्या मार्चमध्ये गेम आला तेव्हापासून जगभरची माणसं याच एका गोष्टीवरून भांडताहेत. इथे हत्यार वापरलं की झिजतं आणि तुटतं. मास्टर स्वोर्ड नावाची एक खास तलवार तेवढी तुटत नाही, पण तीही दमते आणि काही मिनिटं हाताला लागत नाही. हे असंच आहे, रडून उपयोग नाही. उलट लाल झळक दिसायला लागली की ती तलवार शत्रूच्या अंगावर फेकून मारा. तुटताना दुप्पट मार लागतो, आणि त्याच्या हातातलं पडलं की ते तुमचं.

भाच्याचा सल्ला काय, तर "चांगली हत्यारं जपून ठेव, पुढे लागतील." हे वाक्य मी ऐकलेलं आहे. आमच्या धाकट्या भावोजींच्या तोंडून.

स्विच आमच्याकडे त्यांनीच दुबईहून आणला. तेव्हा निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नव्हती. कुणीतरी बाहेरून येईल याची वाट बघायची, नाहीतर दुकानदार सांगेल तो भाव द्यायचा. आणला होता माझ्या मुलासाठी. त्याचं मन लवकरच मोबाइलवरच्या गोळीबारात रमलं आणि स्विच टीव्हीखाली धूळ खात पडला. रात्री भांडी आवरून झाली की मी तो घ्यायला लागले. कुणाला पत्ता नव्हता. दिवाळीला भावोजी रत्नागिरीला आले, त्यांनी सोफ्यावर बसून बघितलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "वहिनी, तुम्ही नुसत्या भटकताय. असा खेळायचा नसतो हा."

मग कसा खेळायचा असतो? तर मांडीवर फोन, फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ, आणि तो म्हणेल तिथे जायचं, तो म्हणेल ते उचलायचं. बॅगेत शाही तलवारी, नाइटच्या ढाली, झगमगणारे भाले अगदी ओळीने लावलेले, आणि हातात मात्र झाडाची फांदी. कारण काय, तर चांगली तलवार या फालतू बोकोब्लिनवर, म्हणजे किरकोळ राक्षसावर, कशाला वाया घालवायची? माळ्यावरच्या पितळी भांड्यांची जी तऱ्हा तीच. घरात पन्नास माणसं जेवायला आली तरी खाली उतरायची नाहीत.

आणि मधेच "द्या इकडे, मी करून देतो" म्हणत हात पुढे. मी दिला नाही. घरात तेव्हापासून एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही, आणि हो, हे उत्तर त्याच वादाचा भाग आहे असं समजा.

नकाशाच्या आग्नेयेला, किनाऱ्यापासून बरंच आत समुद्रात, ईव्हनटाइड नावाचं बेट आहे. मला त्याची काहीच माहिती नव्हती. एका कड्यावर उभी होते, लांब पाण्यात हिरवा ठिपका दिसला, स्टॅमिनाचं, म्हणजे दम वाढवणारं, एक औषध प्यायले आणि पॅराग्लायडर उघडला. बस. वाळूत पाय टेकले तसा आवाज आला की इथे परीक्षा आहे, आणि अंगावरचं सगळं गेलं. तलवारी, ढाली, चिलखत, शिजवून ठेवलेलं खाणं, सगळं. चड्डीवर उभी. बेटावर तीन गोळे शोधायचे, तीन चौथऱ्यांवर नेऊन ठेवायचे, मग सामान परत. मधेच पोहत पळ काढलात तरी परत मिळतं, पण मग पहिल्यापासून.

मागून भावोजी एकदम म्हणाले, "अरे, हे नका करू. फार बोगस आहे. मी सोडून दिलं होतं." मला तिथेच उकळी फुटली. ज्यांच्या बॅगेत अर्ध्या राज्याचा शस्त्रसाठा, ते गृहस्थ बॅग काढून घेतल्यावर बेट सोडून आले होते!

मी सावकाश केलं. माडासारखी झाडं होती, त्यांची फळं घेतली. वाळूत पडलेली काठी घेतली. बोकोब्लिनांचा एक तळ आहे, तिथे रात्र व्हायची वाट बघितली, कारण रात्री ते झोपतात. वाकून, कंट्रोलरची डावी कांडी अगदी हळू ढकलत मागे गेले आणि झोपलेल्यावर वार केला. झोपलेल्याला किंवा बेसावधाला मागून मारलं की आठपट लागतं, म्हणून काठीसुद्धा पुरते. पहिला पडला, त्याचं धनुष्य मिळालं. दुसरा उठून शिंग फुंकायच्या आत बॉम्ब. बॉम्ब कुणी काढून घेत नाही, ते शिका स्लेटमध्ये, म्हणजे कमरेच्या जादुई पाटीत, असतात आणि कधी संपत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे शंभरदा कामी येईल.

एक गोळा हिनॉक्सच्या गळ्यात लटकलेला. हिनॉक्स म्हणजे एका डोळ्याचा घरभर राक्षस, पोट वर करून घोरत पडलेला. त्याच्या डोळ्यात बाण मारला की तो डोळा धरून खाली बसतो, तेवढ्यात हाणायचं, उठला की पळायचं. माझ्याकडे बाण मोजके, काठी तुटलेली, बोकोब्लिनची सुरी तुटायच्या बेतात. शेवटी ती सुरी फेकूनच मारली. मागे शांतता. सासूबाई जप थांबवून बघत होत्या आणि "अगं पळ, पळ, उठला तो" म्हणत होत्या. भावोजींना मी विचारलं, "करून देता का?" ते म्हणाले, "तुम्ही खेळताय तर खेळा."

तिसरा गोळा चौथऱ्यावर बसला तेव्हा माझं सामान परत आलं. बॅग उघडून बघितली, तर त्यातलं बरंचसं मोडकं-तोडकंच होतं. आणि त्याने काहीही अडलं नव्हतं.

तर, वापरा. साठवू नका. ब्लड मून म्हणजे लाल चंद्र उगवला की मेलेले राक्षस परत जिवंत होतात आणि बाहेर जगात पडलेली हत्यारंही परत येतात. शिवाय तुम्ही जितके मोठे शत्रू मारत जाता, तितकी जगातली हत्यारंही चांगली होत जातात. म्हणजे आज जपलेली तलवार पुढे तुम्ही स्वतःच टाकून देणार.

गेम जिथे सुरू होतो त्या पठारावरच्या थंडीचं विचारलंत. लाल मिरच्या गोळा करा, पातेल्याखाली जाळ आहे ना बघा, दोन-तीन मिरच्या टाका, शिजवा, खा, डोंगर चढा. पेटती मशाल हातात धरली तरी थोडी ऊब राहते. तिथे भेटणाऱ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत एक वही आहे ती वाचा. तो एका पदार्थाची कृती विसरलाय. मांस, मासा आणि मिरची, तिन्ही एकत्र शिजवून त्याला नेऊन दाखवलं की तो गरम डगला देतो. हे उत्तर मी आयतं देतेय, कारण बर्फात मरून मरून लोक गेम सोडून देतात आणि मग तो सुरेख गेम फुकट जातो.

स्वयंपाकाचे नियम आपल्या बायकांना पटकन कळतात, भावोजींना कळायला वेळ लागला. दोन वेगळ्या गुणांचे जिन्नस एका पातेल्यात घालायचे नाहीत. थंडीचं आणि वेगाचं एकत्र केलं की दोन्ही गुण गायब. किडे आणि बेडूक हे राक्षसांच्या शिंगा-दातांबरोबर, त्याचं औषध होतं. भाजी-मांसात शिंग टाकलंत तर जांभळट काहीतरी होतं, ज्याचा रंग गेमलाही दाखवायची लाज वाटते आणि तो वर चौकोन घालून झाकतो. 'हार्टी' लिहिलेला कुठलाही जिन्नस, मुळा असो नाहीतर ड्युरियन, एकटाच शिजवला तरी सगळी हृदयं, म्हणजे तुमचा जीव, भरतात आणि वर पिवळी जादा मिळतात. फॅरन नावाच्या भागातल्या टॉवरजवळच्या पठारावर ड्युरियनची झाडंच झाडं आहेत. आमच्याकडे त्याला सगळे फणसच म्हणतात.

पहिल्या चार श्राइन, म्हणजे कोड्यांची देवळं, सोडवून मिळालेल्या चार ऑर्बच्या बदल्यात जादा हृदय घ्यायचं की स्टॅमिना? स्टॅमिना. डोळे मिटून स्टॅमिना. हृदयं खाऊन भरता येतात. कड्याच्या मध्यावर हात सुटला तर काय खाणार?

पावसात चढू नका, घसरता. छप्पर बघा, लाकूड आणि गारगोटी टाकून तिच्यावर धातूचं काहीतरी आपटा, शेकोटी पेटते, सकाळपर्यंत बसा. वीज कडाडायला लागली आणि पाठीवरच्या तलवारीतून ठिणग्या उडताना दिसल्या की धातूचं सगळं उतरवा. नाही उतरवलंत तर वीज तुमच्यावरच. मला आवडतं ते म्हणजे अशी ठिणग्या उडणारी तलवार राक्षसांच्या घोळक्यात टाकून लांबून मजा बघायची.

पठारावरून उतरल्यावर कुठे? गेम सांगतो कॅकारिको गावाला जा, तिथल्या इम्पा नावाच्या म्हातारीला भेटा. जा, पण घाई नाही. वाटेत हेस्टू नावाचं एक झाडासारखं ध्यान भेटेल, त्याला जगभर लपलेल्या कोरोक नावाच्या वनबाळांच्या बिया दिल्या की हत्यारांची जागा वाढते. ती वाढवा. जगात एकूण ९०० बिया आहेत, सगळ्या जागा वाढवायला ४४१ पुरतात. भावोजींनी नकाशा बघून ९०० च्या ९०० गोळा केल्या, दुबईत, सुट्ट्यांमध्ये. मग हेस्टूने त्यांना बक्षीस दिलं. सोनेरी शी. खोटं नाही सांगत, हेच बक्षीस आहे, त्याला छानसं नाव आहे आणि ते कशाच्याही कामाला येत नाही. ज्यांनी गेम बनवला त्यांचं या वादात काय मत होतं ते यावरून मला कळलं.

आता थोडं सबुरीनेही सांगायला हवं, नाहीतर खाली कमेंटमध्ये मला धरतील. स्टॅमिना आधी म्हटलं, पण मास्टर स्वोर्ड उपसायला तुमची स्वतःची १३ हृदयं लागतात, तेव्हा पुढे तिकडेही लक्ष द्या. चुकलं असं वाटलं तर हातेनो गावात शिंगवाली एक मूर्ती आहे, ती थोडे पैसे कापून अदलाबदल करून देते. हत्यारं साठवू नका म्हटलं, तरी एखादं दणकट हत्यार राखून ठेवा. काही श्राइनमध्ये 'टेस्ट ऑफ स्ट्रेंथ', म्हणजे थेट लढाई, असते, तिथे फांदी चालत नाही. आणि गवताच्या मैदानात पायांचा गार्डियन, म्हणजे किरण मारणारं यंत्र, दिसला, अंगावर लाल ठिपका आला, तर सुरुवातीला पळाच. पुढे हात बसला की ढाल समोर धरून, त्याचा डोळा चमकला त्याच क्षणी ए बटण दाबायचं. किरण त्याच्याच तोंडावर परत जातो. यासाठी भारी ढाल लागते हा गैरसमज आहे, पातेल्याचं झाकणसुद्धा चालतं. मी झाकणानेच पाडलाय. तीनदा परतवावा लागला.

व्हिडिओ अजिबात बघूच नका असं नाही. हातेनोजवळ एक श्राइन आहे, तिथे कंट्रोलर हातात धरून हलवत चक्रव्यूहातून चेंडू न्यायचा असतो. ते कुणीही बघून करावं. किंवा माझ्याकडून घ्या, कंट्रोलर पूर्ण उलटा करा, चक्रव्यूह पालथा होतो, मागची बाजू सपाट आहे. ज्यांना दिवसात अर्धाच तास मिळतो त्यांनीही अडलं तर जरूर बघावं. फक्त आधी स्वतः डोकं आपटून, मग.

घोड्याचं राहिलं. वाकून मागून जायचं, ए दाबून चढायचं, उधळला की एल दाबत राहायचं, शांत होईपर्यंत. अंगावर ठिपके-डाग असलेले घोडे गरीब असतात, एकरंगी जास्त ताकदीचे आणि जास्त हट्टी. तबेल्यात नेऊन २० रुपी (गेममधलं चलन) भरले की नाव ठेवून मिळतं. देवनागरी टाइप होत नाही, रोमनमध्ये ठेवावं लागतं. माझ्या घोड्याचं नाव 'भावोजी'. एकरंगी आहे, पळतो छान, वळ म्हटलं की सरळ जातो.