बागेतल्या छोट्या पुलाला स्टीलच्या केबलचं रेलिंग: पुण्यात ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालेल की ३१६ च हवं?
पुण्यात ३०४ पुरेल. ३१६ चा जादा खर्च कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा पूल पोहण्याच्या तलावालगत असेल तरच करा. त्यापेक्षा पैसे टोकाच्या खांबांवर घाला. केबल ताणल्या की सगळ्यांचा ताण त्यांच्यावरच येतो. मी फॅब्रिकेशन करतो. पातळ पाइपाचे खांब आत झुकून केबल लोंबलेल्या पाहिल्यात. मधले खांब १ ते १.२ मीटरवर, केबलमध्ये अंतर ७५-८० मिमी, कारण हाताने दाबली की ती फाकते आणि फट १०० मिमीच्या वर जायला नको. शेजारी लोखंड ग्राइंड करू देऊ नका, ठिणग्यांचे कण स्टीलवर बसले की पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. घरात लहान मूल असेल तर मात्र आडव्या केबल नकोतच, शिडीसारखं चढतं ते. उभ्या लावून घ्या.