जॉर्ज बेन्सनची निवडक गाणी आणि तबकडीच्या तक्रारी

प्रश्न (पंचवटी): जुन्या बाजारात अमेरिकन गायक-गिटारवादक जॉर्ज बेन्सनच्या गाजलेल्या गाण्यांची एलपी मिळाली. त्यातलं ‘धिस मास्करेड’ पटकन संपतं. मित्राकडच्या रेकॉर्डवर ते कितीतरी मोठं आहे. माझी रेकॉर्ड नकली आहे का?

उत्तर: नकली नसावी, गाणं कापलेलं असावं. १९७६ च्या ‘ब्रीझिन’ अल्बमवर ते आठ मिनिटांचं आहे. रेडिओवर वाजावं म्हणून काढलेल्या सिंगलमध्ये (एक-दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीत) साडेतीन मिनिटांच्या आत बसवलं. तेच छोटं रूप तुमच्या एलपीवर घेतलं असावं. अशा वेळी कात्री लागते ती वादनाला. बेन्सन गिटारवर जे वाजवतो तेच त्याच क्षणी गळ्यातून काढतो, पुढे होर्हे दाल्तोचा पियानो येतो. जाझ ऐकणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच. ‘ऑन ब्रॉडवे’सुद्धा १९७८ च्या ‘वीकेंड इन एल.ए.’ या मैफिलीच्या अल्बमवर दहा मिनिटं चालतं, सिंगलवर जेमतेम निम्मं.

घेताना लेबलवरची मिनिटं वाचा. छापलेली नसतील तर रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. दोन गाण्यांमधली रेघ चकाकते, तिच्यावरून प्रत्येक गाण्याचा पट्टा किती रुंद आहे ते कळतं. आठ मिनिटांचा पट्टा तीन मिनिटांवाल्याच्या दुपटीहून रुंद दिसायला हवा.

पण तेवढ्यावरून निवडक गाण्यांचे संच टाकाऊ ठरत नाहीत. १९८१ च्या ‘द जॉर्ज बेन्सन कलेक्शन’साठी ‘टर्न युअर लव्ह अराउंड’ नव्याने ध्वनिमुद्रित केलं होतं. त्याआधीच्या कुठल्याच अल्बमवर ते सापडणार नाही. आमचं मत विचाराल तर गाण्यांसाठी संच घ्या, गिटारसाठी ‘ब्रीझिन’.

प्रश्न (सिडको): बेन्सन जाझवाला की सोलवाला (सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकप्रिय गाणं)?

उत्तर: दोन्ही. जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६८ च्या ‘माइल्स इन द स्काय’वर एका रचनेत त्याची गिटार आहे. १९८० चं ‘गिव्ह मी द नाइट’ निर्माता क्विन्सी जोन्सच्या हातून घडलं, ते मात्र सरळ नाचायचं.

प्रश्न (नाशिकरोड): काकांनी अमेरिकेतून टर्नटेबल आणलं. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनही बेन्सनचा आवाज जाडा आणि रेंगाळलेला येतो.

उत्तर: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुन्या टर्नटेबलांतली सिंक्रोनस मोटर फ्रीक्वेन्सीच्या तालावर फिरते, त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांच्या जागी मिनिटाला २७.८ च पडतात आणि गाणं सुमारे तीन स्वर (पेटीच्या तीन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून) खाली उतरतं.

आधी खात्री करा. रेकॉर्डखालच्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि फेऱ्या मोजा. बरोबर १०० यायला हव्यात. ८३ आल्या तर दोष फ्रीक्वेन्सीचा. ९७-९८ आल्या, किंवा दर वेळी आकडा वेगळा आला, तर बेल्ट सैल झालाय, तो बदला. बटण ४५ वर टाकून भागत नाही, मग वेग ३७.५ होतो आणि बेन्सन चिरका गातो.

८३ वाल्यांनी त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली (मोटरच्या दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी चाकी) शोधावी. तिचा व्यास साधारण २० टक्के जास्त असतो. मिळाली नाही तर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची करून घेता येते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती असलेल्या नाशकात हे काम अडायला नको. पुली किंचितही वाकडी बसली तर लांबवलेला स्वर लहरत येतो, म्हणून भोक नेमकं मध्यावर पाडायला सांगा.

प्रश्न (देवळाली कॅम्प): पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. सॅनिटायझरने पुसू का?

उत्तर: नको. त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो, तो खाचेत बसतो. ७५० मिली डिस्टिल्ड वॉटर, २५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पुरेत. नाकाला मास्क लावून आधी गॅलरीत मऊ ब्रशने बुरशी झाडा. मग ओल्या मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने, गोल पुसा. लेबल भिजू देऊ नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून रेकॉर्ड सावलीत उभी वाळवा. उन्हात ती वाकते. आतली कागदी पिशवी फेकून नवी घाला, नाहीतर तीच बुरशी परत येते. हे मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.