पुरायचं की अग्नी द्यायचा? बंड्याच्या घरातलं भांडण

"मॅडम, तो गेल्यावर त्याला पुरायचं की अग्नी द्यायचा?" मी समुपदेशक, आणि हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की फोनवर पलीकडचा आवाज अडखळला की मला अंदाज येतो. लोक आधी दुसरंच काही सांगतात. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, मुलगी जेवत नाही. मग हळूच कुत्र्याचं नाहीतर मांजराचं नाव निघतं, आणि पाठोपाठ "हसू नका हं" असंही. मी हसत नाही. माणूस गेला की काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. घरची रीत असते, गुरुजी असतात, शेजारचे चार जाणते असतात, शववाहिकेचा नंबर असतो. कुत्र्यासाठी कोणी काही ठरवून ठेवलेलं नाही. ते सगळं त्या घराला स्वतः ठरवावं लागतं, तेही रडत असताना.

एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथे एकत्र आणलंय.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणारं जोडपं. ताई शाळेत शिक्षिका, दादा सातपूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. मुलगी पाचवीत. आणि बंड्या, अर्धा लॅब्रॅडॉर, अर्धा गावठी, बारा वर्षांचा. किडन्या गेलेल्या. एक दिवसाआड सलाइन चालू होतं, क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या किती काम करतायत ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, खाली यायचं नाव घेत नव्हतं, आणि डॉक्टरांनी "तयारी ठेवा" म्हणून सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून घरात भांडण. दादा म्हणायचे, निफाडला ताईंच्या माहेरचं शेत आहे, द्राक्षबागेच्या बांधाला पुरू. ताई म्हणायच्या, नाही म्हणजे नाही, अग्नीच द्यायचा.

मला नवल वाटलं ते याचं, की शेत ताईंच्या माहेरचं. वडील तयार, भाऊ खड्डा खणून द्यायला तयार, आणि नको म्हणणाऱ्या त्याच. उलट दादा पंचवटीतल्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेले. "पुरलं की जीव तिथेच घोटाळतो," असं त्यांच्या आई दिवसातून दोनदा ऐकवायच्या. तरी दादा पुरण्यावर अडून.

मुद्दे दोघांकडे भरपूर होते. उद्या भावांच्या वाटण्या झाल्या तर? शेत विकलं गेलं तर? हे ताईंचे. लाकडं किती लागतात, धूर किती होतो, कुत्र्याला कुठे घेतात, हे दादांचे. एवढं मुद्देसूद भांडण ऐकलं की मला संशय येतो. ज्याची खरी भीती असते ते सोडून बाकी सगळ्यावर माणूस फार छान बोलतो.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवर शिकले. भावनेच्या मागे एक वाक्य असतं, ते शोधून काढा आणि तपासा, असं ही वाट सांगते. मी ती मनापासून मानते. फक्त इतकी वर्षं माणसांसमोर बसून त्यात माझी स्वतःची एक भर पडली आहे. कधीकधी त्या वाक्याच्याही मागे एक चित्र असतं. "मला हे नको" असं जिवाच्या आकांताने म्हणणाऱ्याने ते कुठेतरी पाहिलेलं असतं. म्हणून "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

"ताई, पुरायचं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?"

"काही नाही. माती."

"कुठली?"

त्या बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याच शेतातली."

ताई आठ-नऊ वर्षांच्या असताना घरचं वासरू हगवणीने गेलं. गड्याने घाईघाईत विहिरीमागे गुडघाभर खड्डा करून पुरलं. मृगाचा पाऊस लागला. दोन-तीन दिवसांनी सकाळी ताई ओट्यावर दात घासत बसल्या होत्या. "त्याच्या गळ्यात मीच घंटी बांधली होती, लाल गोंड्याची. ती वाजली. मला वाटलं, वासरू उठून आलं. मी धावत गेले. वस्तीवरची कुत्री त्याला ओढत अंगणात घेऊन आली होती, मॅडम."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट कधी निघाली नव्हती. मग त्यांच्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. "आपण चार फूट खणू. वर फरश्या टाकू." मी हातानेच थांबवलं. उत्तर अगदी बरोबर होतं, पण ताईंचं अजून रडून व्हायचं होतं.

पाणी वगैरे पिऊन झाल्यावर मी दादांकडे वळले. "आणि अग्नी म्हटलं की तुम्हाला काय दिसतं?"

"नंबर," ते म्हणाले.

एप्रिल २०२१. त्यांचे वडील कोविडने गेले. स्मशानभूमीबाहेर रांग, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह, त्यावर चिकटवलेला नंबर, आणि हे लांब उभे. दुसऱ्या दिवशी एक पिशवी हातात आली, ती त्यांनी गोदावरीत सोडली. "ती बाबांचीच होती का, मला माहीत नाही. आईला सांगितलंय, मी स्वतः अस्थी वेचल्या." थोडं थांबून म्हणाले, "बंड्याला मला माझ्या हाताने ठेवायचंय. तिथे तोच आहे, एवढं तरी मला माहीत असू दे."

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत, म्हणून त्या दुपारी मी पुढची भेट उशिरा घेतली. दोन माणसं महिनाभर एकाच विषयावर भांडत होती, आणि बंड्या त्या भांडणात जवळजवळ नव्हताच. ताई त्या गुडघाभर खड्ड्यापासून पळत होत्या, दादा त्या नंबरापासून. दोघांनीही काही निवडलं नव्हतं. जे एकदा पाहिलं ते पुन्हा बघायला लागू नये, एवढीच धडपड होती. गंमत म्हणजे अशा भीतीवर उपाय असतो. ताईंचं चित्र खोटं नव्हतं, पण ते त्या एका खड्ड्याचं होतं. दादांचं चित्र त्या एका एप्रिलचं होतं. खड्डा खोल घेता येतो. दहनाच्या वेळी समोर थांबता येतं. नुसतं "काळजी करू नका" म्हणून यातलं काहीच सुटलं नसतं. कोणाची काळजी कशाची, ते कळल्यावर मात्र कुदळ-फावड्याने सुटण्यासारखं होतं.

पुढच्या वेळी दोघं आले ते उलटे होऊन. ताई म्हणाल्या, पुरू या. दादा म्हणाले, नको, अग्नीच देऊ, मी शेवटपर्यंत थांबेन. म्हणजे पुन्हा अडले, फक्त या खेपेला एकमेकांच्या बाजूने. अशा अडण्याची मला अजिबात चिंता वाटत नाही.

मग आम्ही कामाचं बोललो, आणि तेच इथेही सांगते. समुपदेशकाने फक्त मनाचं बोलावं असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. शोकात असलेल्या माणसाला खरी माहिती हवी असते, आणि ती आडपडदा न ठेवता.

पुरायचं असेल तर जागा स्वतःची हवी किंवा मालकाची परवानगी हवी. सोसायटीची बाग किंवा नदीकाठ नको. २००८ च्या पुराने गोदावरी कुठवर येते ते नाशिककरांना चांगलंच कळलंय, तेव्हा पूररेषेच्या आत काहीही पुरू नका. विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब, उंचवट्याची जागा बघा. खोली तीन ते चार फूट. आपल्याकडे वरची काळी माती भुसभुशीत लागते आणि खाली मुरूम लागला की पहार उडते, त्यामुळे "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणणारे दोन फुटांवर दमतात आणि तिथेच थांबतात. ताईंच्या वासराचा खड्डा असाच उथळ राहिला असणार. सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिक नको. पट्टा काढून घ्या. अर्धी माती लोटली की सपाट दगड किंवा फरश्या आणि वर उरलेली माती, म्हणजे कुत्र्यांना उकरता येत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवलं असेल तर ते औषध देहात बराच काळ राहतं, आणि तो देह उकरून खाणारा प्राणी दगावू शकतो. तेव्हा खोलीबाबत तडजोड नको, नाहीतर सरळ दहन करा. पार्व्होने, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या संसर्गाने, गेलेल्या पिल्लाचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे त्या अंगणात लगेच नवं पिल्लू आणू नका. रेबीजचा संशय असेल तर घरच्यांनी देहाला हात न लावता आधी डॉक्टरांना फोन करायचा.

दहन ठरवलं तर आधी विचारून घ्या: एकट्याचं की इतरांबरोबर? आपल्याला थांबता येईल का? राख परत मिळेल का? दादांसाठी या तीन प्रश्नांमध्येच सगळं होतं. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली, म्हणजे हा विषय आता कोणाच्या लाडाकोडाचा राहिलेला नाही. आपल्या गावात सोय कुठे आहे ते प्राण्यांच्या डॉक्टरांना आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारा, प्राणी जिवंत असतानाच. महापालिकेची गाडी बोलवणार असाल तर ती देह पुढे कुठे नेते तेही विचारा. उत्तर आवडणार नाही कदाचित, पण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. राख झाडाला घालायची असेल तर थोडी घ्या आणि भरपूर मातीत मिसळा. ती खारट आणि अल्कलीयुक्त असते, नुसती ओतली तर रोप जळतं.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. काही तासांत शरीर ताठ होतं, म्हणून पाय हलकेच पोटाशी घ्या. डोळे उघडेच राहतात. उचलताना तोंडातून किंवा मागून पाणी येतं, खाली जुना टॉवेल घाला. एप्रिल-मे मध्ये बर्फाच्या पिशव्या लावल्या तरी दुपार होऊ देऊ नका. हे माहीत नसलेली माणसं त्या क्षणी "अजून जीव आहे" म्हणून किंचाळलेली आहेत.

दादांच्या आईंचा प्रश्न राहिला होता. त्या स्वतःच एकदा आल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची समाधी आहे, तिथे तुम्ही माथा टेकता ना, एवढंच विचारलं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला आणि संन्याशाला मातीच देतात. लिंगायतांमध्ये तर सगळ्यांनाच. पुण्याच्या रस्त्यावर आळेफाट्याजवळ आळे गावात रेड्याची समाधी आहे, ज्ञानेश्वर माउलींनी वेद वदवले तो रेडा म्हणून लोक तिथे दर्शनाला थांबतात. आजी जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "रेड्याला चालतं तर आमच्या बंड्याने काय घोडं मारलंय?"

मुलीने एकच विचारलं होतं, जाळलं तर त्याला चटका बसेल का. "मेल्यावर काही दुखत नाही, पुरलं तरी नाही आणि जाळलं तरी नाही," असं तिला सरळ सांगितलं. "तो झोपलाय" असं मुलांना सांगू नका. मग मुलं रात्री झोपायला घाबरतात.

शेवटी ठरलं शेत. जागा ताईंनी स्वतः दाखवली, विहिरीच्या विरुद्ध टोकाला, बांधाच्या चढाच्या बाजूला. जिवंतपणी खड्डा नको म्हणून आजींनी हात जोडले, तेव्हा फक्त चुन्याने खूण केली, घराच्या कामातल्या उरलेल्या शहाबादी फरश्या तिथे नेऊन रचल्या आणि गावातल्या जेसीबीवाल्याला सांगून ठेवलं. बंड्या एका पहाटे गेला. अकराच्या आत सगळं झालं. दादांनी त्याला उतरून आत ठेवलं, फरश्या ताईंनी लावल्या, आजींनी डब्यात दहीभात दिला होता. दादा नंतर वडिलांविषयी बोलायला एकटे येऊ लागले, पण ते या लेखात नको.

काहीजण सगळं आटोपल्यावर येतात. "पुरायला नको होतं मॅडम, आता उकरून अग्नी देऊ का?" बहुतेक वेळा हे पहिल्या पावसानंतर येतात, कारण माती खचलेली दिसते आणि जीव घाबरा होतो. माती खचतेच. सैल भरलेली असते, ती बसते. दुसरं काही झालेलं नसतं. उकरू नका. दोन पाट्या माती आणखी घाला, पायाने दाबा, वर दगड ठेवा.